कुठला ठोसा बसला

८ मार्च २०२१, सोमवार

अली आणि फ्रेझर यांच्या पहिल्या लढतीला आज ५० वर्षं झाली. सकाळच्या बॅचमधल्या पोरांना अली ठाऊक आहे, फ्रेझर नाही. म्हणून दोरीच्या उड्या झाल्यावर सगळ्यांना भिंतीशी बसवलं आणि मोबाईलवर १५वी फेरी दाखवली. फ्रेझरचा डावा हूक येतो आणि अली उताणा पडतो. लगेच उठतो, फेरी पुरी करतो, पण तिन्ही पंचांचा कौल फ्रेझरकडे जातो.

एका चिमुरड्याने विचारलं, "सर, अली तेव्हा म्हातारा झाला होता का?"

२९ वर्षांचा होता. सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्याचा परवाना गेला होता. मार्च १९६७नंतरची त्याची पुढची लढत थेट ऑक्टोबर १९७०मध्ये झाली. त्यामुळे फ्रेझरकडून हरल्यावर अनेकांनी निदान करून टाकलं: पाय गेले, अली संपला.

पण आधीच्या लढती काढून बघा. फेब्रुवारी १९६२मध्ये सनी बँक्सने त्याला पाडलं, डाव्या हूकने. जून १९६३मध्ये लंडनला हेन्री कूपरने पाडलं, डाव्या हूकने. १९७१मध्ये फ्रेझरने पाडलं, तेही डाव्या हूकनेच. बँक्सच्या वेळी तो २० वर्षांचा होता, तेव्हा उतरती कळा कसली? उजवा हात गालाशी न ठेवता खाली सोडायचा आणि ठोसा आला की मान मागे खेचायची, ही त्याची सवय पहिल्यापासूनची. मान चपळ होती तोवर शंभरातले नव्व्याण्णव हूक नाकासमोरून जायचे. तीन-साडेतीन वर्षं रिंगबाहेर बसल्यावर ती मान इंचभर उशिरा मागे गेली, एवढंच.

पोरं पांगली. माझा ६३ किलो गटातला बॉक्सर मात्र मागे उभा राहून सगळं ऐकत होता. तोही २९चा आहे. बोलला काहीच नाही, बॅगवर गेला.

१० मार्च, बुधवार

फेब्रुवारीत पुण्याच्या मुलांशी आमच्या मैत्रीपूर्ण लढती झाल्या. लॉकडाऊननंतर पहिल्यांदा कुणी समोर उभं राहत होतं. आमचा ६३ किलोवाला २० वर्षांच्या पोराकडून हरला, तिसऱ्या फेरीत रेफ्रीने त्याला उभ्याने आठ मोजले. राज्य पातळीवर पदकं घेतलेला माणूस. रेल्वेत खेळाडू कोट्यातून लागला, लग्न झालं, घरी दीड वर्षाची मुलगी आहे. त्या दिवसापासून त्याचा एकच प्रश्न: "सर, उतरलो का मी?"

आज दुपारी व्यायामशाळा रिकामी असताना दोन मोबाईल रिंगच्या कडेवर शेजारी शेजारी ठेवले. एकावर फेब्रुवारीची लढत, दुसऱ्यावर कुणीतरी २०१५ साली हातात धरून काढलेली जुनी. दोन्ही अगदी सावकाश चालवल्या.

२०२१: तो डावा जॅब टाकतो. जॅब चांगला आहे, सरळ जातो. पण परत येताना हात गालापाशी येत नाही, छातीपाशी येतो. त्या अर्ध्या क्षणात पुण्याच्या पोराचा उजवा सरळ ठोसा त्या हाताच्या वरून येतो आणि डाव्या गालफडावर बसतो. पहिल्या फेरीत दोनदा, दुसरीत आणखी, तिसरीत त्यानेच आठ मोजायची वेळ आणली.

२०१५: तोच जॅब, तोच छातीपाशी येणारा हात. समोरचाही तोच उजवा ठोसा टाकतो. पण ठोसा पोचतो तेव्हा डोकं तिथे नसतं. मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन फक्त पाय पाहिले. तेव्हा जॅब सुटतानाच उजव्या पायाची टाच उचललेली आहे आणि हात परत येण्याआधी अख्खं शरीर वीतभर डावीकडे सरकलेलं आहे. आता टाच कॅनव्हासला टेकलेली आहे. जॅब झाल्यावर तो क्षणभर तिथेच उभा असतो, आपला ठोसा बसला की नाही ते बघत असल्यासारखा.

म्हणजे फट सहा वर्षांपूर्वीही होती. पाय तिच्यावर पांघरूण घालत होते.

आज वहीत एक गोष्ट पक्की लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. बॉक्सर हरला की "किती मार खाल्ला" हे विचारू नये, "कुठला ठोसा बसला" हे विचारावं. पुन्हा पुन्हा एकाच वाटेने मार येत असेल तर ती बचावातली फट आहे, मग वय काही असो. हूक, क्रॉस, पोटातला, वरचा, खालचा, ज्याला जे टाकायचं ते सगळं बसत असेल तर फट शोधण्यात अर्थ नाही. तिथे माणूस उतरलेला असतो.

१४ मार्च, रविवार

मार्विन हॅग्लर काल गेला. ६६ वर्षांचा होता.

सकाळी बातमी वाचली आणि दिवसभर मन लागलं नाही. आमच्या पिढीने त्याच्या लढती व्हिडिओ कॅसेटवर पाहिल्या. लालबागला एका मित्राच्या घरी व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर बघायचो. तासलेलं डोकं, डावखुरा पवित्रा, आणि हनुवटी अशी की ६७ लढतींत त्याच्या नावावर पडल्याची नोंद फक्त एकदाच, रोल्डानविरुद्ध १९८४ साली. तीही घसरण होती असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

त्याची शेवटची लढत ६ एप्रिल १९८७, शुगर रे लेनर्डशी. लेनर्ड पाच वर्षांत एकदाच लढला होता, तरी तो जिंकला. दोन जजनी लेनर्डला दिली, एकाने हॅग्लरला. एका जजने तर ११८-११० असे गुण लावले, त्यावर आजही लोक भांडतात.

हॅग्लर तेव्हा ३२ वर्षांचा होता. आदल्या वर्षी मुगाबीला त्याने ११व्या फेरीत पाडलं, पण तोवर स्वतःही भरपूर मार खाल्ला होता, आणि पाय जड झाल्याचं जाणकारांनी तेव्हाच ओळखलं होतं. लेनर्डनेही ते हेरलं असणार. म्हणजे उतार होता. पण लढत त्यामुळे गेली असं मला वाटत नाही. डावखुऱ्या हॅग्लरने सुरुवातीच्या फेऱ्या उजव्या हाताच्या पवित्र्यात खेळून फुकट घालवल्या. १२ फेऱ्यांच्या लढतीत पहिल्या तीन-चार आंदण दिल्यावर मागे राहतं काय? ही ना बचावातली फट, ना वयाचा उतार. हा डाव चुकला.

मग त्याने काय केलं? पुन्हा लढत मागितली, मिळेना, तेव्हा सोडून दिलं. इटलीला गेला, सिनेमात कामं केली, परत ग्लोव्ह्ज घातले नाहीत. आपण नेमके का हरलो हे ज्याला पक्कं ठाऊक असतं त्याला कधी थांबायचं हेही कळतं, असं मला त्याच्याकडे बघून वाटतं.

२० मार्च, शनिवार

काल रात्री विजेंदर हरला. गोव्यात, मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजावर, गच्चीवर रिंग बांधून. रशियाच्या अर्तिश लोप्सानने पाचव्या फेरीत १ मिनिट ९ सेकंदांनी लढत संपवली. व्यावसायिक रिंगमधले सलग १२ विजय आणि त्यानंतरचा हा पहिला पराभव.

सकाळी भारतमाता सिनेमाच्या बाजूला चहाला गेलो तर तिथे निकाल लागून गेलेला होता. "वय झालं हो त्याचं, ३५ झाली." "राजकारणात गेला, तिथेच संपलं." मास्कखालून सगळे एकच बोलत होते. मी एकदा म्हटलं की लोप्सान ६ फूट ४ इंच आहे, विजेंदर ६ फूट. त्यावर एक जण म्हणाला, "मग आधी माहीत नव्हतं का?" प्रश्न बरोबर होता.

घरी येऊन कागदावर मांडलं. ऑक्टोबर २०१५मध्ये मँचेस्टरला पहिली व्यावसायिक लढत. तिथून डिसेंबर २०१७पर्यंत १० लढती, १० विजय. म्हणजे दर अडीच-तीन महिन्यांनी रिंगमध्ये. त्यानंतर दीड वर्षाहून जास्त काळ एकही नाही. २०१९मध्ये आधी दिल्लीतून लोकसभेची निवडणूक, मग जुलैत नेवार्कला एक लढत, नोव्हेंबरमध्ये दुबईला एक. त्यानंतर १६ महिने रिकामे. बेरीज केली तर काल रात्रीच्या आधीच्या तीन वर्षांहून अधिक काळात फक्त दोन लढती.

याला उतार म्हणायचं का? मी गंज म्हणेन. सरावात पॅडवर मारणं वेगळं आणि तुम्हाला खरोखर इजा करू पाहणाऱ्या माणसासमोर अंतराचा अंदाज घेणं वेगळं. अंतर डोळ्यांना रोज शिकवावं लागतं. त्यातून समोरचा चार इंचांनी उंच, हात लांब, वय २६. अशा माणसाशी खेळायचं तर जॅबच्या मागून आत शिरायचं, डोकं मधल्या रेषेवरून हलवायचं, दोन-तीन ठोसे मारायचे आणि बाजूने बाहेर निघायचं. सरळ मागे गेलात की त्याचा हात तुम्हाला शोधत येतोच. हे करायला पाय लागतात आणि पाय लढतींनीच जागे राहतात. लोप्सान स्वतः जेमतेम सहा लढतींचा होता, पण ताजा होता.

संध्याकाळी ६३ किलोवाला आला. माझ्याआधी त्यानेच विषय काढला. "सर, विजेंदरभाईचं काय झालं?" मी त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखंच. वर्षभर बंद." त्याला बरं वाटलेलं दिसलं. मला मात्र तेवढ्यावर सोडायचं नव्हतं, पण आज बोललो नाही.

२२ मार्च, सोमवार

बँकेच्या कामाला वरळीला गेलो होतो. एनएससीआयच्या घुमटासमोरून बस गेली. आत सध्या कोविडचे बेड आहेत.

५ ऑगस्ट २०१७ला याच घुमटाखाली विजेंदर चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी १० फेऱ्या लढला. डोकलामचे दिवस होते, निम्मं पब्लिक लढत बघायला आणि निम्मं चीनला हरवायला आलेलं. आम्ही वरच्या स्वस्त जागांवर होतो. जिंकल्यावर त्याने माईकवर सांगितलं की शांततेसाठी हा पट्टा मी परत द्यायला तयार आहे. ते ऐकून मला त्याच्याबद्दल आदर वाटला, अजून वाटतो.

पण गुणपत्रिका बघा: ९६-९३, ९५-९४, ९५-९४. दहा फेऱ्या, प्रत्येक फेरी १०-९, म्हणजे दोघांची बेरीज १९० यायला हवी. तिन्ही जजकडे ती १८९ येते, कारण कमरेखाली मारल्याबद्दल झुल्पिकारचा एक गुण कापला गेला. तो कापला नसता तर दोन पत्रिका ९५-९५ अशा बरोबरीत सुटल्या असत्या. समोर २३ वर्षांचा, फारसं नाव नसलेला पोरगा, आणि आपला ऑलिंपिक पदकविजेता ३१चा, घरच्या प्रेक्षकांसमोर. "विजेंदर अपराजित" या मथळ्याखाली हे कुणी वाचलं नाही. गोव्याची लढत काही आकाशातून पडलेली नाही. जिंकलेल्या लढतीही अशाच लक्ष देऊन वाचायला हव्यात, कारण पराभवाच्या खुणा बहुतेक वेळा त्यांतच असतात.

आणखी एक. विजेंदर घडला तो हौशी बॉक्सिंगच्या गुणपद्धतीत. २००८ला बीजिंगमध्ये उपांत्य फेरीत क्यूबाच्या कोरेआकडून हरला तो ५-८ असा. २०१२ला लंडनला उझबेकिस्तानच्या अतोएवकडून १३-१७. त्या काळी जज बटण दाबून ठोसे मोजायचे. हलका ठोसा एक गुण, दणदणीत ठोसाही एकच गुण. अशा पद्धतीत वाढलेला माणूस उंच गार्ड लावतो, वेळ काढतो, संधी मिळाली की टिपतो. तीन फेऱ्या हे चालतं. व्यावसायिक लढतीत गार्डवर बसणारे ठोसेही हात जड करत नेतात, आणि पाचव्या-सहाव्या फेरीत तो गार्ड खाली येतो. हे वयाने होत नाही, २५व्या वर्षीही होतं.

तर माझं मत: गोव्यात पहिला दोष गंजाचा, दुसरा प्रतिस्पर्ध्याच्या निवडीचा, तिसरा जुन्या शिक्षणाचा. उतार असेलही, पण एका लढतीवरून तो सिद्ध होत नाही.

२८ मार्च, रविवार. होळी

आजपासून रात्रीची जमावबंदी. होळी लवकर पेटवली, नैवेद्य दाखवला, सगळे आठच्या आत घरात. लालबागच्या मसाला गल्लीत मात्र दिवसभर गर्दी होती. डंक चालू, हवेत मिरची, प्रत्येक जण शिंकतोय आणि शिंकला की आजूबाजूचे चार जण दचकून लांब होतायत.

दुपारी परळला मास्तरांकडे पुरणपोळी घेऊन गेलो. मास्तर गिरणीत साचाखात्यात होते, संध्याकाळी कामगार कल्याण केंद्रात आम्हाला शिकवायचे. ८२च्या संपात नोकरी गेली, तरी शिकवणं सोडलं नाही. आता हात थरथरतात, कपातला चहा बशीत सांडतो. बोलता बोलता मधला धागा सुटतो, मग काकू पुढचं सांगतात.

त्यांना ६३ किलोवाल्याचा व्हिडिओ दाखवला. बॉक्सिंग बघताना त्यांचा धागा सुटत नाही. दोनदा बघून म्हणाले, "हात खाली येतोय."

"पण मास्तर, आधीही यायचा. आता पाय मंदावलेत."

"अरे, कौल उन्हाळ्यातच फुटलेलं असतं. पावसात कळतं, इतकंच. कौल बदल की!"

"आणि पाऊस वाढतच गेला तर?"

त्यावर ते गप्प झाले.

मी गप्प झालो नाही, कारण मी मास्तरांच्या शेवटच्या लढती पाहिल्या आहेत. तेव्हा मी शाळकरी पोर होतो, कॉर्नरमध्ये पाण्याची बाटली धरायचो. त्यांना तेव्हा एकाच वाटेने मार बसत नव्हता, सगळ्या वाटांनी बसत होता. पोटात, कानशिलावर, हनुवटीवर. आणि प्रत्येक फेरीनंतर त्यांचे वस्ताद त्यांच्या कानात एकच ओरडायचे, "गार्ड वर ठेव!" गार्ड वरच होता. उतरलेल्या माणसाला बचाव सुधार म्हणून सांगत राहिले आणि तो मान हलवून पुन्हा पुन्हा आत जात राहिला. आज त्यांच्या हातातला कप बघितला की मला तो आवाज ऐकू येतो.

म्हणून हा प्रश्न मला चहाच्या टपरीवरच्या वादाचा वाटत नाही. फट असताना "वय झालं" म्हणालात तर एका चांगल्या खेळाडूची चार वर्षं वाया घालवता. उतार असताना "फट आहे" म्हणालात तर त्याचा मेंदू पणाला लावता. दोन्ही चुका आहेत, पण सारख्या नाहीत.

अलीचंच बघा. १९७१चा पराभव फटीचा आणि गंजाचा होता. त्यानंतर त्याने फ्रेझरला दोनदा हरवलं, १९७४ला फोरमनला हरवलं. जानेवारी १९८०मध्ये तो भारतात आला, दिल्लीत आपल्या कौर सिंगशी प्रदर्शनीय लढत खेळला. ३८ वर्षांचा होता, लोकांना तो अजून तोच अली दिसत होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लॅरी होम्ससमोर उभा राहिला. ती लढत मी एकदाच पाहिली आहे, पुन्हा बघवणार नाही. त्यात डावा हूक शोधायची गरजच पडत नाही. सगळंच बसतंय, आणि अलीकडून काहीच जात नाही. दहाव्या फेरीनंतर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने थांबवलं. त्याआधीच थांबवायला हवं होतं. १९८४ला पार्किन्सन्सचं निदान झालं.

४ एप्रिल, रविवार

उद्यापासून जिम, व्यायामशाळा पुन्हा बंद. ऑक्टोबरात दसऱ्याला उघडल्या होत्या, सहा महिनेही झाले नाहीत. दुपारी पोरांना बोलावून दोऱ्या आणि हातावर गुंडाळायच्या पट्ट्या घरी दिल्या.

६३ किलोवाल्याला थांबवून घेतलं आणि सगळं सांगितलं. फट आहे, जुनी आहे, बुजवता येते. त्यासाठी रोज घरी आरशासमोर जॅब, आणि डाव्या हाताची मूठ परत येताना गालाला लागल्याशिवाय दुसरा ठोसा नाही. काखेत टॉवेल धरून मारायचं, म्हणजे कोपर बाहेर जात नाही. टाच उचललेली हवी. घरी जागा नाही म्हणाला, गॅलरीत कर म्हटलं. "आणि सर, फट बुजली आणि तरी मार बसला तर?" असं त्यानेच विचारलं. मग मी त्याला सांगितलं की त्या दिवशी आपण दोघं बसून बोलू, आणि तेव्हा माझं ऐकायचं. त्याने हो म्हटलं.

३० जुलै २०२१, शुक्रवार

मेरी कोम काल टोकियोत हरली. ५१ किलो, कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया, ३-२ असा विभागलेला निकाल. पहिली फेरी पाचपैकी चार जजनी व्हॅलेन्सियाला दिली, पुढच्या दोन्ही फेऱ्या तीन-दोनने मेरीकडे आल्या, पण पहिलीतलं अंतर भरून निघालं नाही. याच व्हॅलेन्सियाला तिने आधी दोनदा हरवलेलं आहे. ३८ वर्षांची, चार मुलांची आई, आणि शेवटच्या दोन फेऱ्या तिच्या! हे उतरलेल्या बॉक्सरचं लक्षण नाही. उतरलेला माणूस पहिली फेरी कशीबशी खेळतो आणि शेवटच्या हरतो, इथे उलटं झालंय. ती पेटायला वेळ लागला आणि तीन फेऱ्यांच्या खेळात त्या वेळेची किंमत फार मोठी असते.

व्यायामशाळा नियम पाळून पुन्हा चालू आहे. ६३ किलोवाल्याची मूठ आता गालाला लागते. न सांगता लागते.

२० ऑगस्ट २०२२, शनिवार

काल दोन वर्षांनी दहीहंडी झाली. दादरपासून लालबागपर्यंत ट्रक, ढोल, थरांवर थर. आमच्या बॅचमधली अर्धी पोरं गोविंदा पथकात असतात, त्यामुळे आज सकाळी खांदे धरून बसलेली.

बुधवारी रायपूरला विजेंदर जिंकला. घानाचा एलियासू सुले, आठ लढतींत आठ नॉकआउट करून आलेला, दुसऱ्याच फेरीत संपला. ६३ किलोवाला क्लिप घेऊनच आला. "बघा सर, ३६व्या वर्षी! उतार-बितार काही नव्हता."

मला आनंद झाला, मनापासून. पण त्याला विचारलं, "या दोन फेऱ्यांत विजेंदरला कुठला ठोसा बसला?" त्याने क्लिप मागे नेली, पुन्हा बघितली. सांगण्यासारखा एकही नव्हता. मग गोव्यात जो प्रश्न उभा राहिला त्याचं उत्तर इथे कसं मिळेल? सुले लोप्सानसारखा लांबून खेळणारा नव्हता, आणि लढत पाचव्या फेरीपर्यंत गेलीच नाही. हा विजय खरा आहे, पण तो वेगळ्या परीक्षेतला आहे. विजेंदरला पुन्हा उंच, तरुण माणसासमोर आठ फेऱ्या खेळलेलं बघेन तेव्हा मी माझं मत बदलेन किंवा पक्कं करेन.

त्याला हे पटलं नाही. वादाच्या ओघात त्याने मूळ गोष्ट काढली. गेल्या महिन्यात सरावाच्या लढतीत त्याला तीन-चार ठोसे बसले, त्यातला एकही जुन्या वाटेने नव्हता. दोन बरगडीवर, एक अपरकट. माझ्या लक्षात आलं होतं, त्याच्याही आलं होतं, दोघंही बोललो नव्हतो.

"सर, म्हणजे आता सगळीकडून बसायला लागले का?"

एका सरावावरून मी ते म्हणणार नाही. ताप येऊन गेला होता, वजन वाढलेलं होतं. पण प्रश्न टाळणारही नाही. ठरलं असं: उद्या रविवारी सकाळी सातला आमच्या १९ वर्षांच्या पोराशी तीन पूर्ण फेऱ्या, हेडगार्ड घालून. एक मोबाईल बाजूने, एक कोपऱ्यातून. मास्तरांना टॅक्सीने आणायचं, त्यांची नजर अजून माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. मग तिघांनी बसून प्रत्येक बसलेला ठोसा लिहायचा: कुठल्या हाताचा, कुठे, कितव्या फेरीत, तेव्हा त्याची टाच कुठे होती. त्याच्या बायकोलाही बोलाव म्हटलं, तिला कळायला हवं की निर्णय कशावरून होतोय. तो थोडा थबकला, मग म्हणाला, "येईल ती. मुलीलाही घेऊन येऊ का?"

घेऊन ये म्हटलं.